नांव आणि ऋण

गेल्या पावसाळ्यांत आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहांत 'मुघल-ए-आझम' हा जुना चित्रपट दाखविण्यांत आला. विद्यार्थ्यांनीं आग्रह केला म्हणून आम्हीही गेलों आणि वयाच्या मानानें पुढच्या रांगेंत बसविले गेलों. पडद्यावर नामावळी सुरू झाली, तोंच मागून कोणी तरी ओरडलें, "हें पुढें ढकला!" यंत्रापाशीं बसलेल्या मुलानें तें तत्काळ पुढें ढकललें, हल्लीं तशी सोय असते. नांवें गेलीं, चित्र सुरू झालें आणि कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. आमचें मात्र पुढें बराच वेळ चित्रांत लक्ष लागेना. त्याचें एक कारण खाजगी आहे, तें ओघानें सांगूंच. परंतु दुसरें असें कीं, गाळलेल्या त्या थोड्या मिनिटांत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आम्हीं आजवर कधीं नीट सोडविलेला नाहीं, हें एकदम ध्यानांत आलें. पुष्कळांच्या हातून मिळून एखादी मोठी कृति निर्माण होते, तेव्हां ती कोणाची म्हणावयाची? आणि जो तिच्यावर आपलें नांव घालतो तो नेमकें काय करीत असतो?

प्रश्न अधांतरीं राहूं नये म्हणून त्याच चित्रपटांतला सर्वांच्या परिचयाचा प्रसंग घेऊं. शीशमहालांत भर दरबारापुढें अनारकली नाचते, बादशहाच्या नजरेला नजर देऊन आपल्या प्रेमाची कबुली देते, आणि छतांतल्या असंख्य आरशांतून तिचीं प्रतिबिंबें एकाच वेळीं गिरक्या घेऊं लागतात. चित्रपट बहुतेक कृष्णधवल. हा प्रसंग मात्र रंगांत घेतलेला. तो पाहून उठणारा प्रत्येक जण म्हणतो, मधुबालेनें काय नाच केला आहे! आतां जरा हिशेब करूं. गळा लता मंगेशकरांचा, शब्द शकील बदायुनींचे, चाल नौशादांची. नाचाची रचना लच्छू महाराजांची. आरसेमहाल उभारला एम. के. सय्यद यांनीं, त्यावर प्रकाश सोडला आर. डी. माथुर यांनीं, आणि निरनिराळ्या वेळीं घेतलेले तुकडे धर्मवीर यांनीं असे जोडले कीं सांधा दिसूं नये. एवढ्यानें भागत नाहीं. अवघड गिरक्यांचा कांहीं भाग लक्ष्मीनारायण नांवाच्या एका पुरुष नर्तकानें केलेला आहे, त्यासाठीं बी. आर. खेडकर या शिल्पकारानें मधुबालेच्या चेहर्‍याचा मुखवटा घडविला होता. म्हणजे गिरकी ज्याची, त्याचा चेहरा मुखवट्याखालीं झांकलेला. आणि चेहरा जिचा, तिचे ओठ दुसरीच्या गळ्याबरोबर हलत होते. त्याच चित्रपटांत तानसेनाचें काम सुरेंद्र यांनीं केलें आहे. सुरेंद्र हे स्वतः एके काळचे नामांकित गायक नट. पण तेथें ते केवळ ओठ हलवितात आणि सूर येतो तो बडे गुलाम अली खां यांचा.

मग ती अनारकली कोण? तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथें मिलिंद राजा आणि भिक्षु नागसेन यांचा संवाद आठवल्यावांचून राहणार नाहीं. राजा रथांतून आला होता. नागसेनानें विचारलें कीं रथ म्हणजे आंस काय? चाकें काय? जूं काय? राजा प्रत्येकाला नाहीं म्हणत गेला. शेवटीं निष्पन्न झालें तें हें कीं, रथ हें या सर्वांच्या जुळणीला व्यवहारापुरतें दिलेलें नांव आहे. त्याहून निराळी अशी रथ नांवाची वस्तु कोठें नाहीं. अनारकलीही तशीच एक जुळणी, असें म्हणून आपल्याला मोकळें होतां येईल. पुष्कळ विद्वान् तसे मोकळे झालेही आहेत. कलाकृतीला कर्ताच नसतो असें अलीकडे युरोपांतून आलेल्या मतांच्या आधारें आमचे कांहीं तरुण सहकारी शिकवितात. परंतु आंस आणि चाक यांना रात्रीं घरीं जावयाचें नसतें. चाक थकत नाहीं, त्याला वाईट वाटत नाहीं, आणि रथाची वाहवा झाली असतां आपल्याला कोणी विचारलें नाहीं हें त्याच्या गांवींही नसतें. जुळणीचे अवयव जेव्हां माणसें असतात, तेव्हां नागसेनाचें उत्तर चुकीचें ठरत नाहीं, तें अपुरें पडतें. 'आहे काय' हा प्रश्न सुटला तरी 'देणें कोणाचें' हा उरतोच.

दुसरें उत्तर अधिक वजनदार आहे. तें असें कीं, हात पुष्कळांचे असले तरी इच्छा एकाची होती, आणि जेथें इच्छा तेथें कर्तेपण. या उत्तराला के. आसिफ यांच्याइतकें बळकट उदाहरण क्वचित् सांपडेल. १९४४ च्या सुमारास या माणसाच्या डोक्यांत ही कथा शिरली. पहिल्या जुळणींत अकबर चंद्रमोहन होते. प्रभातच्या 'अमृतमंथना'तले (१९३४) ते भेदक डोळे जुन्या मराठी प्रेक्षकांना सांगावयास नकोत. सलीम सप्रू, आणि अनारकली नर्गिस. पुढें फाळणी झाली, पैसा पुरविणारे शिराझ अली हकीम पाकिस्तानांत गेले, १९४९ सालीं चंद्रमोहन वारले. दुसरा कोणीही असता तर त्यानें हात टेकले असते. आसिफ यांनीं शापूरजी पालनजी यांचें साहाय्य मिळवून सर्व पुन्हा पहिल्यापासून मांडलें: पृथ्वीराज कपूर, दिलीपकुमार, मधुबाला, आणि जोधाबाईच्या भूमिकेंत आपल्या दुर्गाबाई खोटे. दुर्गाबाई १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या होत्या. तेव्हांपासून राजस्त्रीचें दुःख त्यांच्याइतक्या अदबीनें दुसर्‍या कोणीं दाखविलें नसेल, असें आमचें मत आहे. असो. प्रसंग हिंदी, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन भाषांसाठीं तीनतीनदां घेतले जात. ५ ऑगस्ट १९६० रोजीं मुंबईंत मराठा मंदिरांत चित्रपट झळकला, तेव्हां पहिल्या कल्पनेला सोळा वर्षें होत आलीं होतीं. सुमारें दीड कोटि रुपये खर्चिले गेले असें सांगतात. एवढ्या मुदतींत नट बदलले, धनी बदलले, देशाची सरहद्द बदलली. बदलली नाहीं ती एका माणसाची इच्छा. तेव्हां कृति त्याची नव्हे तर कोणाची?

या युक्तिवादांतलें खरें तेवढें आम्हीं मान्य करतों. पण इच्छा म्हणजे करणें नव्हे, हें आपली भाषाच आपल्याला शिकवीत आली आहे. मराठींत 'बांधणें' निराळें आणि 'बांधविणें' निराळें. संस्कृत वैयाकरणांनींही करणारा आणि करविणारा यांना स्वतंत्र संज्ञा दिल्या. गंमत अशी कीं शेजार्‍यानें घर उभें केलें तर आपण अचूक म्हणतों कीं त्यानें घर बांधवून घेतलें. तेंच बादशहाच्या बाबतींत आपलें व्याकरण सुटतें आणि शहाजहाननें ताजमहाल 'बांधला' असें आपण बिनदिक्कत लिहितों. आम्हीं तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या. या वाक्यावर एकदांही तांबडी रेघ ओढल्याचें स्मरत नाहीं. सत्ता मोठी झाली कीं प्रयोजक क्रियापद गळून पडतें.

इच्छा किती ठिकाणीं अपुरी पडते याचा दाखला त्याच शीशमहालांत आहे. तो उभारावयास दोन वर्षें लागलीं, काच बेल्जियमची. उभारल्यावर लक्षांत आलें कीं दिव्यांचा प्रकाश आरशांवर पडतांच डोळे दिपतील अशी चकाकी यंत्रांत शिरते आणि चित्र घेणेंच अशक्य होतें. आसिफ यांनीं आरशांवर मेणाचा पातळ लेप देण्यास सांगितलें. चकाकी गेली, पण चित्र धूसर दिसूं लागलें. तेव्हां माथुर यांनीं ठिकठिकाणीं कापडाच्या पट्ट्या योजून प्रकाश सरळ न सोडतां त्यांवरून परतविला. आरसे आरसेच राहिले आणि चित्र साधलें. या गोष्टींत करविणार्‍याची आज्ञा मेणाची होती, आणि करणार्‍याचें ज्ञान कापडाचें. आज जें आपण पाहतों तें कापडाचें आहे. आसिफ यांच्या इच्छेवांचून तो महाल झाला नसता हें जितकें खरें, तितकेंच माथुरांच्या त्या पट्ट्यांवांचून तो आपल्याला कधींच दिसला नसता हेंही खरें आहे.

येथें कोणी म्हणेल कीं माथुरांचें नांव नामावळींत आहे, त्यांना छायालेखनाचें फिल्मफेअर पारितोषिकही मिळालें. मग तक्रार कसली? त्यांच्याविषयीं तक्रार नाहींच. परंतु चित्रपटाच्या वर्णनांत एक यादी नेहमीं येते, ती पहावी. मुगुट कोल्हापूरच्या कारागिरांनीं केले. दागिने हैदराबादच्या सोनारांनीं घडविले. जरीकाम सुरतेचें, शिवण दिल्लीच्या शिंप्यांची, जोडे आग्र्याचे, ढालीतरवारी आणि चिलखतें राजस्थानच्या लोहारांचीं. गांवांचीं नांवें आहेत, माणसांचीं नाहींत. लढाईच्या प्रसंगासाठीं दोन हजार उंट, चारशें घोडे आणि आठ हजार सैनिक उभे केले, त्यांत जयपूरच्या पलटणींतले पुष्कळ होते. तेथें माणूस जनावरांच्याच रकान्यांत, केवळ आंकड्यानें आला. शिल्पकाराच्या तोंडच्या त्या बंडखोर समूहगीतांत महंमद रफींच्या मागें शंभर गळे होते. त्या शंभरांना मिळून एक शब्द आहे, 'समूह'. कोल्हापूरच्या ज्या हातांनीं पृथ्वीराजांच्या मस्तकावरचा मुगुट बसेल असा केला, ते कोणाचे हें कोल्हापुरांत तरी आज कोणाला ठाऊक असेल काय?

यावर आपल्याकडे एक ठराविक आणि मोठें सात्त्विक दिसणारें उत्तर तयार असतें. आपला जुना कारागीर नांवाचा भुकेला नव्हता. त्यानें लेणीं कोरलीं आणि तो निनांवी राहिला. कर्म करावें, फळाची आस धरूं नये, ही आमची शिकवण. ऐकावयास हें गोड लागतें, पण पुराव्याला टिकत नाहीं. पितळखोर्‍याच्या लेण्यांत एका यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नांवाच्या सोनारानें केल्याचें कोरलेलें आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहांत दात्यांच्या नांवांबरोबर, द्वाराचें काम करणार्‍या सामि नांवाच्या सुताराचें नांव त्याच्या गांवासकट आणि बापाच्या नांवासकट वाचावयास मिळतें. आणि रायगडावर जगदीश्वराच्या देवळापाशीं एका पायरीवर हिरोजी इंदुलकराचें नांव आहे. आडनांव कोणी इटळकर असेंही वाचतात. छत्रपतींची राजधानी उभारणार्‍यानें आपलें नांव कोठें कोरलें, तर जेथें येणार्‍याजाणार्‍याचे पाय लागतील तेथें. त्या पायरीवरून त्याच्या नम्रतेचें व्याख्यान सगळेच देतात. आम्हांस तींत नम्रतेइतकीच दुसरी गोष्ट दिसते: नांव राहावें ही त्याची इच्छा होती. ज्यांना कोरण्याची संधि मिळाली त्यांनीं कोरलें. बाकीच्यांनीं नांवाचा त्याग केला असें नव्हे. त्यांना कोणी विचारलें नाहीं. आणि फळाची आस सोडणें हा करणार्‍याचा धर्म असेल. घेणार्‍यानें त्याला तो उपदेश करणें म्हणजे सावकारानें देणेकर्‍याला वैराग्य शिकविण्याच्या उलट, देणेकर्‍यानेंच सावकाराला वैराग्य शिकविणें होय.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. ज्यानें त्यानें आपली मजुरी घेतली, हिशेब मिटला. मजुरींतलें अंतर तर विलक्षणच होतें. बडे गुलाम अली खां चित्रपटासाठीं गावयास राजी नव्हते. त्यांनीं टाळण्यासाठीं म्हणून एका गीताचे पंचवीस हजार रुपये मागितले आणि आसिफ यांनीं ते कबूल केले, अशी आठवण नौशाद सांगत. त्या काळीं मोठमोठ्या पार्श्वगायकांना एका गीताचे पांचशेंही मिळत नसत. पण अंतराचा मुद्दा आम्ही बाजूला ठेवतों. तो बाजाराचा आहे. आमचा मुद्दा असा कीं मजुरीनें वेळ आणि कसब विकत मिळतें. मोठ्या कृतींत जें सर्वांत मोलाचें असतें तें या दोहोंच्या पलीकडचें असतें. मेणाचा लेप फसल्यावर कापडाची युक्ति काढावी, हें कोणत्याही करारांत लिहितां येत नाहीं.

आणि शरीराचें मोल कोणत्या करारांत लिहावें? मधुबालेच्या हृदयांत जन्मतःच दोष होता. चित्रपटाच्या त्या लांबलेल्या वर्षांत तो उघड झालेला होता. अशा स्थितींत तिनें कारागृहाच्या प्रसंगांत जड सांखळ्या अंगावर वागविल्या. त्यांनीं तिची कातडी सोलवटली. पडद्यावर आपण अनारकलीचा थकवा पाहतों आणि अभिनयाची वाखाणणी करतों. त्यांतला किती अभिनय आणि किती खरोखरीचा थकवा, हें वेगळें करण्याचा उपाय आपल्याजवळ नाहीं. १९६९ च्या फेब्रुवारींत छत्तिसाव्या वर्षीं ती वारली. चित्रपटानें तिचा प्राण घेतला असें आम्ही म्हणत नाहीं. तें खोटें होईल, आणि तिच्यावर अन्यायही होईल, कारण तें काम तिनें स्वतः हौसेनें आणि हट्टानें केलें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जें तिनें दिलें तें विकत घेतलेलें नव्हतें, आणि म्हणून तें फिटलेलेंही नाहीं.

इतका विचार झाल्यावर आम्हीं ज्या मतावर स्थिर झालों तें असें. कृतीवर नांव घालणें ही मालकीची खूण आहे असें आपण समजतों, ती समजूतच चुकीची आहे. रोख्यावर सही असते ती ऋणकोची, धनकोची नव्हे. 'मुघल-ए-आझम'वर आसिफ यांचें नांव सर्वांत मोठें असावें, याला आमची हरकत नाहीं. किंबहुना तें मोठेंच असलें पाहिजे, कारण त्या सोळा वर्षांत सर्वांत अधिक घेतलें तें त्यांनीं. आणि त्या मोठ्या सहीखालीं जी नामावळी येते, ती त्यांनीं कोणाकोणाचें काय घेतलें त्याची यादी आहे. आसिफ यांना हें कळत नव्हतें असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांच्याविषयीं सांगणारे सांगतात कीं कोट्यवधि रुपये हातून जात असतांना हा गृहस्थ स्वतः अगदीं साधेपणानें राहिला. पुढचा चित्रपट अर्धा टाकून ते १९७१ सालीं गेले. तो लोकांसमोर आला १९८६ सालीं. त्यांच्या चित्रपटांत एक प्रसंग असा आहे कीं शिल्पकाराची मूर्ति पुरी झालेली नसते, म्हणून तो एका जिवंत मुलीलाच मूर्ति म्हणून उभी करतो. शाहजादा बाण मारून पडदा दूर करतो आणि दरबार शिल्पकाराच्या कसबानें थक्क होतो. मुलगी श्वास रोधून उभी असते. हा प्रसंग घेतांना दिग्दर्शकाच्या मनांत काय आलें असेल, याचा आम्हीं पुष्कळदां विचार केला आहे.

२००४ सालीं सबंध चित्रपट रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. रंग पाहिल्यावर सगळा चित्रपट पुन्हा रंगांत घ्यावा असें आसिफ यांच्याच मनांत होतें, पण पैसा लावणारे थांबावयास तयार नव्हते. तेव्हां करविणार्‍याची इच्छा चव्वेचाळीस वर्षांनीं पुरी झाली असें म्हणतां येईल. पण माथुरांनीं कृष्णधवलासाठीं जी छाया आणि जो प्रकाश तोलला होता, त्याचें काय? आम्हांस स्वतःला जुनी प्रतच आवडते.

आतां ती खाजगी गोष्ट. वीस वर्षांपूर्वीं जुन्या मराठी निबंधांचा एक संग्रह आम्हीं संपादित केला. संपादक म्हणून मुखपृष्ठावर आमचें एकट्याचें नांव आहे. त्याची शब्दसूची आणि मुद्रितें तपासण्याचें काम त्या वेळीं आमच्या विभागांत तात्पुरत्या जागेवर असलेल्या एका तरुण अध्यापकानें केलें. सबंध उन्हाळ्याची सुटी त्यांत गेली. प्रस्तावनेंत आम्हीं 'इतर सहकार्‍यांचे आभार' असें लिहिलें. जागा कमी होती, असें त्या वेळीं स्वतःला सांगितल्याचें आठवतें. पुस्तकाची वाखाणणी झाली, आणि ती बहुतेक सूचीबद्दलच झाली. पुढच्या वर्षीं त्यांची जागा गेली, ते दुसर्‍या गांवीं गेले, आणि आम्हीं तें विसरलों, म्हणजे विसरण्याइतपत सवय करून घेतली.

चित्रपटाच्या दुसर्‍या दिवशीं आम्हीं त्यांचा पत्ता मिळवून पत्र घातलें, झालेली चूक कबूल केली आणि नव्या आवृत्तींत त्यांचें नांव मुखपृष्ठावर घालण्याची परवानगी मागितली. उत्तर यावयास तीन आठवडे लागले. राग नव्हता, आनंदही फारसा दिसला नाहीं. त्यांनीं लिहिलें होतें कीं नांव घालण्यास हरकत नाहीं, परंतु सूची त्यांनीं एकट्यानें केली नव्हती. त्या सुटींत सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्या पत्नीनें रात्रीं बसून लावून दिल्या होत्या, आणि दोन ठिकाणच्या चुका तिनेंच काढल्या होत्या. पत्रांत तिचें नांव लिहावयाचें राहिलें होतें. तें आम्हीं विचारून पाठविलें आहे.